जुन्या एंटरप्राइझ लिनक्सवर कंटेनर : प्रकल्प नोंदी

५ फेब्रुवारी २०२४

३१ जानेवारीला रनसीमधली (कंटेनर प्रत्यक्ष सुरू करणारं साधन) सीव्हीई-२०२४-२१६२६ ही सुरक्षा त्रुटी जाहीर झाली आणि वर्षभर मागे पडलेलं काम पुढे आलं. कंटेनर सुरू करताना रनसीकडून होस्टचा, म्हणजे ज्या यंत्रावर कंटेनर चालतो त्याचा, एक फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) आत गळतो. कामाची डिरेक्टरी म्हणून /प्रॉक/सेल्फ/एफडी खालचा नेमका क्रमांक दिला की आतल्या प्रोसेसला होस्टची फाइल सिस्टिम मोकळी मिळते. दुरुस्ती १.१.१२ मध्ये आहे. नव्या सर्व्हरवर ती नेहमीच्या अपडेटसोबत आली. खरा प्रश्न जुन्यांचा.

आपल्याकडे काय आहे: रेड हॅटच्या एंटरप्राइझ लिनक्सच्या ६ मालिकेतली मोजकी यंत्रं (कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, २.६.३२), ७ चा सर्वांत मोठा गठ्ठा (३.१०, काही रेड हॅट, काही त्याचंच मोफत रूप सेंटओएस), मग ८ (४.१८) आणि ९ (५.१४). कायम चालणाऱ्या सेवा डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनावर आहेत. गणनेची कामं लोक पॉडमॅन या तशाच दुसऱ्या साधनावर, रूटशिवाय (प्रशासकाचा अधिकार नसताना), आमच्या लहानशा लाँचरमधून चालवतात. लाँचरला होस्ट कुठला आहे याची फिकीर नसावी, हे मूळ आश्वासन होतं. ७ वर ते कधीच धड पाळलं गेलं नाही.

कंटेनर आपल्याबरोबर लायब्ररी आणतो, दुभाषे आणतो, सर्टिफिकेटं आणतो; कर्नल तेवढा आणत नाही. त्यामुळे पुढची प्रत्येक अडचण तिथेच येऊन थांबणार असं धरून चालतोय.

८ फेब्रुवारी

पहिला वाद. एका सहकाऱ्याचं म्हणणं, आवृत्त्यांचा तक्ता करू: ३.१० असेल तर अमुक बंद, ४.१८ असेल तर तमुक चालू. ऐकायला सोपं आहे, पण एंटरप्राइझ वितरणात कर्नलचा क्रमांक फारसं काही सांगत नाही.

मूळ ३.१० हा जून २०१३ चा. ७.९ मधला ३.१०.०-११६० नावाने तोच असला तरी त्यात नंतरच्या कित्येक वर्षांचं काम मागे आणून जोडलेलं आहे. ओव्हरले फाइल सिस्टिम (थरांवर थर रचून एकच झाड दाखवणारी) मूळ लिनक्समध्ये ३.१८ ला आली, इथे ३.१० मध्ये मिळते. डॉकरच्या ओव्हरले२ ड्रायव्हरला मूळ कर्नल ४.० लागतो, पण या मालिकेत ३.१०.०-५१४ पासून चालतो. गेटरँडम हा यादृच्छिक आकडे देणारा सिस्टम कॉल (कर्नलला केलेली विनंती) ३.१७ मधला, तोही ७.४ पासून आहे. उलट सीग्रुपची (प्रोसेसच्या गटांना मेमरी वगैरेची मर्यादा घालणारी सोय) दुसरी आवृत्ती, जी ४.५ मध्ये पक्की झाली, ती इथे नाहीच. आणि यूझर नेमस्पेस (साध्या यूझरला आपल्यापुरतं रूट होऊ देणारी सोय) कर्नलमध्ये आहे पण कुलूप लावून: यूझर.मॅक्स_यूझर_नेमस्पेसेस ही सेटिंग शून्यावर.

तेव्हा ठरलं ते असं की लाँचर क्रमांक विचारणार नाही, करून बघेल. चाचपणीची स्क्रिप्ट बूट झाल्यावर एकदा चालते. दोन खालचे थर घेऊन ओव्हरले माउंट करून बघते, वरच्या थरात डिरेक्टरी पुसून ती खरंच गेली का हे तपासते, साध्या यूझरने नेमस्पेस उघडते, त्याच्या आत फ्यूज (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमने चालवलेली फाइल सिस्टिम) माउंट होतं का पाहते, सीग्रुपची कुठली मांडणी आहे ते नोंदवते. निकाल एका फाइलमध्ये जातो, लाँचर ती वाचून मार्ग निवडतो. सहकारी पूर्ण पटलेला नाही. तक्ता तो ठेवणारच आहे, "निदान भांडायला तरी".

क्रमांकाचा दुसरा त्रास सुरक्षा स्कॅनरचा. वितरणाच्या स्वतःच्या पॅकेजमध्ये दुरुस्ती जुन्याच क्रमांकावर चढवलेली असते, आणि स्कॅनर नुसता क्रमांक बघून लाल करतो. अशा वेळी पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये सीव्हीई क्रमांक शोधायचा आणि त्याचा उतारा तिकिटाला जोडायचा. दर महिन्याला हेच करावं लागतं, म्हणून त्यासाठीही स्क्रिप्ट लिहिली.

१३ फेब्रुवारी

आज डॉकरच्या होस्टवर हात घातला आणि खरी गाठ सापडली. या त्रुटीची दुरुस्ती डॉकरच्या २४.०.९ आणि २५.०.२ या दोन्हींत आहे. पण २५ मधून डिव्हाइसमॅपर हा स्टोरेज ड्रायव्हर (डिस्कवर थर साठवण्याची एक पद्धत) पूर्ण काढून टाकलाय. (१८.०९ पासून तो कालबाह्य म्हणून जाहीर होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.) आमच्या ७ वरच्या जुन्या होस्टांपैकी बरेच अजून डिव्हाइसमॅपरवर आहेत. तिथे थेट २५ चढवलं तर डेमन (डॉकरची मागे चालणारी सेवा) उठणारच नाही.

डिव्हाइसमॅपर मुळात का आला हे नव्या लोकांना माहीत नसतं. सुरुवातीचं डॉकर एयूएफएस या थरांच्या फाइल सिस्टिमवर उभं होतं, आणि ते ना मूळ कर्नलमध्ये होतं ना रेड हॅटच्या. म्हणून रेड हॅटच्याच माणसांनी थिन प्रोव्हिजनिंगवर (जागा लागेल तशी देण्याची पद्धत) आधारलेला हा ड्रायव्हर लिहिला, तो २०१३ च्या अखेरीस ०.७ मध्ये आला. म्हणजे एंटरप्राइझ लिनक्सवर डॉकर चाललं ते त्याच्याच जिवावर. पण त्याची मूळ मांडणी, लूप डिव्हाइसवरची (फाइललाच डिस्क मानून) १०० जीबीची विरळ फाइल, फक्त करून बघण्यापुरती होती. आमच्याकडे दोन होस्टांवर ती आजही सेवेत आहे. कुणी लावली विचारण्यात अर्थ नाही.

आजचा निर्णय: डिव्हाइसमॅपरवाल्या होस्टांवर लगेच २४.०.९, म्हणजे भोक बुजलं. मग एकेक होस्ट ओव्हरले२ वर न्यायचा आणि त्यानंतरच पुढची आवृत्ती. दोन्ही देखभालीच्या एकाच खिडकीत करायचं नाही.

१६ फेब्रुवारी

ओव्हरले२ वर जाण्यात अडथळा एक्सएफएसचा, म्हणजे डिस्कवरच्या मूळ फाइल सिस्टिमचा. ओव्हरलेला फाइल सिस्टिमकडून डिरेक्टरी नोंदीतच फाइलचा प्रकार कळावा लागतो. एक्सएफएसमध्ये ती सोय एफटाइप=१ ने मिळते, आणि ७ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी बनवलेल्या डिस्कवर एफटाइप=० आहे. ते नंतर बदलता येत नाही, फाइल सिस्टिम नव्याने बनवावी लागते. शून्यावर ओव्हरले दडपून चालवलं तर लगेच मोडत नाही, तेच वाईट. पुसलेल्या फाइलींच्या जागी भुतं उरतात, डिरेक्टरी रिकामी दिसते पण "डिरेक्टरी नॉट एम्प्टी" म्हणून हलत नाही, आणि हे एखाद्या इमेजच्या (ज्या साच्यातून कंटेनर सुरू होतो त्याच्या) बांधणीत तिसऱ्या-चौथ्या पायरीला कळतं.

/व्हार वेगळं नसलेल्या यंत्रांवर मुळातली फाइल सिस्टिम नव्याने करणं म्हणजे पुन्हा इन्स्टॉल. एक्सएफएस आकसतही नाही, की थोडी जागा काढून घेऊ. पण ज्या होस्टांवर डिव्हाइसमॅपर नीट, म्हणजे थेट एलव्हीएमवर (डिस्कची जागा वाटून देणारी सोय) लावला होता, तिथे सुटका आहे: थिन पूलसाठी दिलेली जागा. क्रम असा बसला:

इमेज रजिस्ट्रीत (इमेजच्या मध्यवर्ती कोठारात) आहेत याची खात्री करा. कंटेनरच्या वरच्या थरात कुणी काही लिहून ठेवलंय का बघा, असेल तर कमिट करून रजिस्ट्रीत ढकला. व्हॉल्यूम (कंटेनरचा टिकाऊ डेटा) ड्रायव्हरच्या बाहेर असतात, तरी त्यांची प्रत घ्या. डॉकर थांबवा, थिन पूल काढा, त्या जागेत नवं लॉजिकल व्हॉल्यूम, त्यावर एफटाइप=१ देऊन एक्सएफएस, ते /व्हार/लिब/डॉकर वर माउंट, डेमन.जेसनमध्ये ड्रायव्हर बदला, सुरू करा, व्हॉल्यूम परत ठेवा.

लूपवाल्या दोन होस्टांना नवी डिस्क मागितली आहे.

२७ फेब्रुवारी

रीबूटची खिडकी मिळत नाही. पुढच्या महिन्यात बघू म्हणाले.

६ मार्च

एका ७ च्या होस्टवर कंटेनर सुरूच होईनात. मेमरी निम्मी रिकामी, तरी सीग्रुपची डिरेक्टरी बनवताना "कॅनॉट अलोकेट मेमरी". कर्नलच्या नोंदींत एसएलयूबीच्या, म्हणजे कर्नलच्या आतल्या मेमरी वाटपाच्या, तक्रारी. होस्ट कित्येक महिने रीबूट झालेला नव्हता आणि त्यावर मिनिटामिनिटाला छोटी कामं सुरू होऊन संपतात.

हा ३.१० चा जुना आणि माहितीतला आजार. मेमरी सीग्रुपमध्ये कर्नल मेमरीचा हिशेब एकदा चालू केला की त्या गटासाठी वेगळे स्लॅब कॅश बनतात, आणि गट पुसला तरी ते पूर्ण सुटत नाहीत. त्याबरोबर मेमरी गटाचा ओळख क्रमांकही अडकून राहतो. असे क्रमांक एकूण ६५,५३५. ते संपले की यंत्रात कितीही मेमरी असो, नवा गट बनत नाही. जुनं रनसी हा हिशेब कुणी न मागताही चालू करत असे. छोटी, भरभर संपणारी कामं असलेल्या होस्टला म्हणूनच हा आधी गाठतो. महिनोन्‌महिने एकच सेवा चालवणाऱ्याला कधी कळतही नाही.

उपाय दोन. ७.७ नंतरच्या कर्नलमध्ये बूटच्या ओळीत सीग्रुप.मेमरी=नोकेमेम देता येतं. आणि रनसी १.०.०-आरसी९४ पासून कर्नल मेमरीची सेटिंग मुळी दुर्लक्षित करतं. म्हणजे सुरक्षेसाठी जे रनसी चढवतोय त्यानेच नवी गळती थांबते, पण अडकलेले क्रमांक रीबूटशिवाय सुटत नाहीत. बूटची ओळ सगळ्या ७ वर घालणार, कारण वितरणाचं रनसी वापरणारे पॉडमॅनचे होस्टही आहेत.

रीबूटची खिडकी आता मिळाली. कारण दाखवायला बंद पडलेला होस्ट असला की बैठक लवकर संपते.

चाचपणीच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली: /प्रॉक/सीग्रुप्समधला मेमरीचा आकडा आणि प्रत्यक्ष दिसणाऱ्या डिरेक्टऱ्या यांतला फरक. तो वाढत गेला की इशारा.

१४ मार्च

त्याच होस्टच्या निमित्ताने "डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी" चाही निकाल लावला. कंटेनर पुसताना माउंट पॉइंट दुसऱ्या कुठल्या तरी माउंट नेमस्पेसमध्ये अडकलेला असतो, त्यामुळे डिरेक्टरी हलत नाही. ७.४ पासून एफएस.मे_डिटॅच_माउंट्स=१ ही सेटिंग आहे, मूळ मूल्य शून्य. डॉकर स्वतःच ती लावतं. आता सगळीकडे फाइलमधून लावली, कोणी लावली यावर अवलंबून राहायला नको.

२१ मार्च

रूटशिवाय पॉडमॅन, ७ वर. कागदावर ७.७ पासून जमतं, कारण त्यात न्यूयूआयडीमॅप आणि न्यूजीआयडीमॅप (यूझरला उपक्रमांक जोडून देणाऱ्या कमांड) असलेलं शॅडो-यूटिल्स आलं. प्रत्यक्षात चार गोष्टी जुळाव्या लागल्या.

नेमस्पेसचं कुलूप काढणं सोपं, सिसकंट्रोलची एक ओळ. सुरक्षेच्या टीमने विचारलं की हे बंद होतं ते उगाच का. प्रश्न रास्त आहे: साध्या यूझरला नेमस्पेस दिला की कर्नलचे असे कोपरे त्याच्या हाती लागतात जे आधी फक्त रूटला पोचत होते. आमचं उत्तर, याला पर्याय म्हणजे डॉकर गटात यूझर घालणं, आणि ते म्हणजे रूटच देणं. मान्य झालं, पण फक्त गणनेच्या होस्टांवर आणि कर्नल ताजा ठेवण्याच्या अटीवर.

दुसरं, /एटसी/सबयूआयडी. आमचे यूझर एलडॅपमधले (मध्यवर्ती यादीतले), त्यांना उपक्रमांकांचा पट्टा आपोआप मिळत नाही. सगळ्या होस्टांवर एकसारखी फाइल टाकतो, पट्टा यूझरच्या क्रमांकावरून काढून, म्हणजे दोघांचे पट्टे एकमेकांवर चढत नाहीत.

तिसरं, होम डिरेक्टरी एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कवर. तिथे इमेज उलगडताना पॉडमॅन फाइलींची मालकी उपक्रमांकांकडे देऊ पाहतं, एनएफएस सर्व्हरला ते क्रमांक यूझरचेच आहेत हे माहीत नाही, तो नाही म्हणतो. साठा स्थानिक डिस्कवर हलवला आणि स्टोरेज.कॉन्फमध्ये तसं लिहिलं. म्हणजे प्रत्येक होस्टवर इमेज पुन्हा उतरते. चालेल.

चौथं, थर. यूझर नेमस्पेसच्या आतून ओव्हरले माउंट मूळ कर्नलमध्ये ५.११ पासून, ८ मालिकेत ८.५ पासून. ७ वर प्रश्नच नाही. फ्यूज-ओव्हरलेएफएसला नेमस्पेसमध्ये फ्यूज लागतं: मूळ ४.१८, पण ७ मध्ये ३.१०.०-११२७ पासून, म्हणजे ७.८. त्याखालच्या होस्टवर उरतं व्हीएफएस, जे प्रत्येक थराची आख्खी प्रत काढतं. इमेजला थर जितके, डिस्कला भार तितका. त्या होस्टांना लाँचर सध्या सरळ नकार देतो आणि कारण छापतो: कर्नल अपडेट करा. नकाराचा संदेश नीट लिहायला अर्धा दिवस दिला, तो वाया गेला नाही. तिकिटं जवळपास थांबली.

४ एप्रिल

आता उलट्या बाजूने, होस्ट ठीक पण इमेज नवी.

पहिली तक्रार: ग्लिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) २.३४ असलेल्या इमेजमध्ये काहीही चालवा, थ्रेड बनत नाही, "ऑपरेशन नॉट परमिटेड". नवं ग्लिबसी थ्रेडसाठी आधी क्लोन३ हा सिस्टम कॉल करून बघतं, तो कर्नल ५.३ मधला. ३.१० ला तो माहीत नाही, आणि त्याने तसं, म्हणजे ईनोसिस, सांगितलं असतं तर ग्लिबसी मुकाट जुन्या क्लोनवर आलं असतं. पण मध्ये सेककॉम्पचा पहारा बसलाय, म्हणजे कंटेनरला कुठले सिस्टम कॉल चालतील याची यादी. यादीत नसलेल्या कॉलला तो ईपर्म देतो. "मला असं काही येत नाही" आणि "तुला परवानगी नाही" यांत ग्लिबसी फरक करतं, आणि दुसऱ्या उत्तरावर हात टेकतं. नवं रनसी यादी बनली त्यानंतरच्या कॉलना ईनोसिस देतं, डॉकरनेही २०.१०.१० मध्ये आपली यादी दुरुस्त केली. डॉकरच्या होस्टांवर प्रश्न संपलेला होता. पॉडमॅनच्या ७ वर वितरणाचं जुनं पॉडमॅन आहे, तिथे आम्ही सेककॉम्पची स्वतःची यादी देतो, ज्यात क्लोन३ ला स्पष्ट ईनोसिस आहे. सेककॉम्प बंद करा हा सल्ला कुणीही देतं. तो स्वीकारला नाही.

दुसरी तक्रार जास्त मजेची. क्यूटी ही लायब्ररी वापरणारा एक प्रोग्रॅम म्हणतो, लिबक्यूटी५कोअर सापडत नाही. फाइल तिथेच आहे, वाचता येते, पाथ बरोबर. एस्ट्रेसमध्ये (सिस्टम कॉल छापणारं साधन) दिसतं की लोडर ती उघडतो, सुरुवात वाचतो आणि सोडून देतो. लायब्ररीच्या पोटात एबीआयची एक चिठ्ठी असते, "किमान कर्नल ३.१७". लोडर होस्टचा क्रमांक बघतो, ३.१० दिसतो, आणि जणू फाइलच नाही असं वागतो. ज्या गेटरँडमसारख्या कॉलसाठी ही अट होती तो या ३.१० मध्ये आहेच, पण करून बघायची तसदी लोडर घेत नाही. इमेजच्या बांधणीत स्ट्रिपने ती .नोट.एबीआय-टॅगची चिठ्ठी काढली, प्रोग्रॅम उघडला. तक्तावाल्या सहकाऱ्याला हा एस्ट्रेस आवर्जून पाठवला. उत्तरादाखल हसरा चेहरा.

२३ एप्रिल

६ मालिका. लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा चर्चा नको: या होस्टांवर कंटेनर चालवायचे नाहीत.

२.६.३२ वर डॉकर एके काळी चालत असे, २.६.३२-४३१ पासून पुढे, एपेल या जादा पॅकेजांच्या साठ्यातलं डॉकर-आयओ या नावाचं पॅकेज. (नुसतं डॉकर हे नाव आधीच सिस्टम ट्रेच्या एका प्रोग्रॅमने घेतलं होतं.) ते १.७.१ वर, २०१५ मध्ये थांबलं. डॉकरने किमान कर्नल ३.१० केला तो योग्यच होता. वर आजच्या इमेज तिथे उठतही नाहीत: ग्लिबसी २.२६ पासून एक्स८६ वर किमान कर्नल ३.२, त्यामुळे पहिल्याच प्रोसेसला "फेटल: कर्नल टू ओल्ड". इथे करून बघण्यासारखं काही उरलेलं नाही. नेहमीचा आधार ३० नोव्हेंबर २०२० लाच संपला आहे.

तरी ही यंत्रं जिवंत आहेत ती त्यांच्यावरच्या एका जुन्या प्रोग्रॅमसाठी. पुरवठादार आता नवी आवृत्ती देत नाही, सोर्स नाही. मग होस्टला कंटेनर देण्याऐवजी प्रोग्रॅमलाच ६ च्या इमेजमध्ये घालून ८ च्या होस्टवर आणू. कर्नल जुन्या प्रोग्रॅमांशी इमान राखतो, ही दिशा नेहमीच सोपी असते.

१० मे

सोपी, पण अगदी फुकट नाही. प्रोग्रॅम सुरू होताच कोसळतो, एक्झिट कोड १३९, अगदी बॅशसुद्धा. कारण ६ च्या ग्लिबसी २.१२ ला वेळ विचारायला व्हीसिसकॉलचं ठरावीक पत्त्यावरचं पान लागतं. आमच्या ८ च्या होस्टांवर कडक सुरक्षेच्या नियमावलीप्रमाणे बूटच्या ओळीत व्हीसिसकॉल=नन आहे. ते पान नाही, म्हणून सेगमेंटेशन फॉल्ट. व्हीसिसकॉल=एम्युलेट दिल्यावर चाललं. नियमावलीला अपवाद मागावा लागला; अपवाद दोन होस्टांपुरता, बाकीचे तसेच.

याच धर्तीवर ७ ची एक इमेज, आत सिस्टमडी (सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) २१९ ला पहिली प्रोसेस म्हणून चालवणारी, ९ च्या होस्टवर अडली. ९ मध्ये सीग्रुपची दुसरी आवृत्ती मूळचीच आहे, २१९ ला ती कळत नाही. होस्टला जुन्या मांडणीत बूट करता येतं, पण एका इमेजसाठी होस्ट मागे नेणं पटलं नाही. इमेजमधला सिस्टमडी काढला, आत एकच सेवा होती, ती थेट चालवली. हे होईपर्यंत ती इमेज ८ वर चालवली.

१ जुलै

काल सेंटओएस ७ चा शेवट झाला. रेड हॅट ७ चा नेहमीचा आधारही कालच संपला, पुढे पैसे भरून वाढीव मिळतो; ज्या होस्टांना उचलता येत नाही त्यांच्यासाठी तो घेतला आहे.

सकाळपासून बांधण्या पडतायत. होस्टच्या नव्हे, इमेजच्या. ज्यांच्या डॉकरफाइलची पहिली ओळ सेंटओएस ७ आणि दुसरी यम इन्स्टॉल, त्यांना मिररलिस्टचा पत्ताच सापडत नाही. जुनी पॅकेजं व्हॉल्टवर (सेंटओएसच्या जुन्या पॅकेजांच्या कोठारावर) हलली आहेत. आम्ही मेमध्ये व्हॉल्टची आतली प्रत उभी केली होती आणि पायाभूत इमेजमधल्या रेपो फाइली तिकडे वळवल्या होत्या. जे लोक ती इमेज वापरतात त्यांना काही जाणवलं नाही. बाकीच्यांना सूचना पुन्हा पाठवली, या वेळी एररची ओळ जशीच्या तशी वर टाकून, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल.

ही प्रत बांधण्या चालू ठेवण्यापुरती आहे, तिथे नवे पॅच येणार नाहीत. म्हणून त्या पायावर बांधलेल्या प्रत्येक इमेजला आता लेबल लागतं आणि बाहेरच्या नेटवर्कला उघडी सेवा त्यावर चालवता येत नाही.

१८ जुलै

डिव्हाइसमॅपरवरचा शेवटचा होस्ट आज ओव्हरले२ वर गेला. लूपवालाच होता, डिस्क यायला वेळ लागला. आता सगळं डॉकर २५ च्या पुढे.

उरलेलं:

७.८ च्या खाली अडकलेले होस्ट, एका कार्डाच्या ड्रायव्हरमुळे कर्नल बदलता येत नाही. लाँचरचा नकार कायम.

९ च्या इमेज आमच्या सर्वांत जुन्या प्रोसेसरांवर "सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२" म्हणून थांबतात. हा कर्नलचा प्रश्न नाही, चाचपणीत प्रोसेसरची पातळीही तपासायची ओळ वाढवायची आहे.

६ च्या यंत्रांपैकी एक अजून चालू आहे. तिच्यावर एक टेप ड्राइव्ह जोडलेला निघाला. तिकीट स्टोरेज टीमकडे.